पोपटी बुटांची शिडी

फोनमध्ये डोकं खुपसून बसलेली माणसं धाकट्यांना बघवत नसत. आणि नेमकं तेच काम करायला त्यांच्या दादांनी, थोरल्यांनी, स्वतःच्या मुलीला कारखान्यात आणून बसवलं, तेव्हा धाकट्यांच्या कपाळावर ज्या आठ्या चढल्या त्या पुढे बरेच महिने उतरल्या नाहीत.

कारखाना शिड्यांचा. घरात, दुकानात, शाळेत लागतात त्या अॅल्युमिनियमच्या घडीच्या शिड्या. दोघा भावांच्या वडिलांनी तो काढला आणि जाताना दोघांच्या हाती सोपवला. थोरले बँक, बाजार आणि गिऱ्हाइकं सांभाळत, धाकटे शिडी सांभाळत. आखणी त्यांची, जोडणी त्यांची, आणि उघडलेल्या शिडीचे पाय जागच्या जागी घट्ट राहावेत म्हणून बिजागरीपाशी जो खटका असतो, तो तर खास त्यांचा. दोन बाजूंना दोन पिना, दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सुटायच्या नाहीत. दिसायला ओबडधोबड, पण या खटक्यावर हत्ती चढला तरी शिडी मिटायची नाही, असं धाकटे कुणी विचारलं तरी सांगत आणि नाही विचारलं तरी सांगत.

वडिलांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला असा, की दुसऱ्या कारखान्याची शिडी आपल्या आवारात आणायची नाही. आणली की खोलावीशी वाटते आणि खोलली की तशीच करावीशी वाटते. दुसरा नियम, जो भाग फसला तो भंगारात टाकायचा नाही. तो साफ करून कामाच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा, म्हणजे हाताला ती चूक विसरता येत नाही. आता ती भिंत वाकलेल्या पिना, चिरलेल्या बिजागऱ्या आणि फसलेल्या खटक्यांनी पार भरून गेली होती. सगळे कसे ओळीनं लावलेले, घासूनपुसून चकचकीत.

थोरल्यांची मुलगी बाजारपेठेचा अभ्यास करून आली होती. तिचं काम काय, तर बरोबरीचे कारखाने काय करताहेत, पुढे काय करणार आहेत आणि गिऱ्हाईक त्यांच्याबद्दल काय बोलतंय, ते सोशल मीडियावरून हुडकून काढायचं. रंगाच्या डब्यांच्या खोलीला लागून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून तिचं टेबल मांडलं गेलं. कामगारांनी लगेच तिचं नाव घार ठेवलं. वरून घिरट्या घालते आणि खाली काय हाललं ते बघते म्हणून. तिच्या कानावर ते गेलं तेव्हा ती खूश झाली, आणि त्या नावानं हाक मारली तरी ओ देऊ लागली.

"काय घारबाई, आज कुणाच्या सहलीचे फोटो बघितले?" येताजाता धाकटे तिला टोमणा मारत.

"पलीकडच्यांच्या फोरमनच्या," ती मान वर न करता म्हणे. "सगळं कुटुंब समुद्रावर गेलंय. फोरमन रजेवर आहे म्हणजे या आठवड्यात त्यांचा नवा माल निघत नाही, काका."

पलीकडचे म्हणजे पुलापलीकडचा कारखाना. दोन्ही कारखाने एकाच वयाचे, दोघांची चढाओढही त्याच वयाची. यांच्या शिडीच्या पायांना लाल रबरी बूट, त्यांच्या शिडीच्या पायांना पोपटी. बाकी लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही.

आता, फोनचा एवढा तिटकारा असलेले धाकटे स्वतः मात्र रोज सकाळी कामाच्या टेबलापुढे उभे राहून आपला एक फोटो काढत आणि 'सुप्रभात' लिहून सगळ्या जगासाठी टाकून देत. त्याला ते फोन वापरणं म्हणत नसत, शिष्टाचार म्हणत. त्या फोटोला न चुकता अंगठा देणारी मोजकी मंडळी होती. त्यांत गुलाबाच्या फुलाचं चित्र लावलेलं एक खातं होतं, ते सर्वांच्या आधी हजर. कोण ते धाकट्यांनी कधी पाहिलं नाही, पण आपलं कुणीतरी चाहतं आहे या विचारानं ते मिशीतल्या मिशीत हसत. घारीच्या काकू तर भर जेवणात विचारत, "काय म्हणते तुमची गुलाबवाली?" आणि घरातली पोरंसोरं खिदळत.

धाकट्यांच्या आठ्या पहिल्यांदा सैल झाल्या त्या ट्रकमुळे. एक दिवस घार त्यांच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "काका, पलीकडचे उंच शिडी काढणार. आपल्यापेक्षा उंच."

"तुझ्या कानात येऊन सांगितलं का त्यांनी?"

"सगळ्यांच्या कानात सांगितलंय. त्यांनी ड्रायव्हर हवेत म्हणून जाहिरात टाकलीय. लांब ट्रक चालवायचा अनुभव हवा, असं लिहिलंय. आजवर त्यांचा माल छोट्या गाड्यांतून जात होता. शिडी लांब झाल्याशिवाय ट्रक कशाला लांब होईल?"

धाकट्यांनी नाक मुरडलं. पण थोरल्यांनी ते मनावर घेतलं, उंच शिडीची आपली तयारी आधी केली, आणि पलीकडच्यांची उंच शिडी बाजारात आली तेव्हा यांची तिच्या शेजारी उभी होती. त्या दिवसापासून धाकटे दुपारचा चहा घेऊन तिच्या टेबलाशी खुर्ची ओढू लागले. वरवर सांगायचे, तिथे पंखा चांगला लागतो म्हणून. खरं कारण हे, की ती काम करताना बघायला त्यांना आवडू लागलं होतं. जसं कसबी माणसाला पाना फिरवताना बघावं तसं.

कारण ती इतरांसारखं बघतच नव्हती. कारखाने स्वतःबद्दल जे छापतात ते ती एका नजरेत उरकायची. "हे त्यांनी मला दाखवायला टाकलंय," म्हणायची. "जे आपण दाखवतोय असं त्यांना वाटलंच नाही, ते मला बघायचंय." दुकानाच्या पानावर खालच्या कोपऱ्यात कुणी काय कुरकुर केली, ती कुरकुर पुन्हा कुणी केली, कोणत्या कामासाठी माणसं हवी म्हणून जाहिरात आली आणि कोणती जाहिरात गुपचूप काढून टाकली, ते सगळं ती टिपत असे. आणि लोकांचे घर रंगवतानाचे, पडदे लावतानाचे, माळा साफ करतानाचे फोटो. सगळे जण फोटोतल्या माणसांकडे बघतात, ही कोपऱ्यात उभ्या शिडीचे पाय बघायची. लाल की पोपटी.

एकदा थोरल्यांनी सुचवलं, "तू असं कर, नाव बदलून एक खातं उघड. नोकरी हवी म्हणून त्यांच्या माणसांशी ओळख काढ. बोलता बोलता सगळं बाहेर येईल."

"नाही बाबा." तिनं फोन खाली ठेवला. "ज्यानं जे उघड्यावर टाकलंय तेवढंच मी बघणार. रस्त्यावरून दिसतं ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. पण कुणाचं दार खोटं नाव सांगून वाजवायचं, हे आपल्याला जमायचं नाही. आजोबांनी दुसऱ्याची शिडी आवारात आणू दिली नव्हती. हे तेच आहे."

थोरल्यांनी तो विषय सोडला. धाकट्यांनी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात पुतणीची पाठ थोपटली. एवढ्याशा पोरीनं आपल्या वडिलांचा नियम आपल्याहून नीट ओळखला, याचं त्यांना फार भारी वाटलं.

आणि मग पलीकडच्यांनी एका हाताची शिडी काढली.

बटण अंगठ्यानं दाबलं की शिडी मिटते, उघडली की खटकन आवाज होऊन आपोआप अडकते. एका हातात मूल असो, बादली असो, दुसऱ्या हातानं काम होतं. खटक्यावर काळं, सुबक झाकण. बाजारात तिच्यावर उड्या पडल्या. लाल बुटांच्या शिड्या दुकानांतून परत येऊ लागल्या आणि थोरल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्यांनी भावाला बोलावून घेतलं. घारही तिथे होती. "साचेवाल्याशी बोललोय मी," थोरले म्हणाले. "तसाच एका हाताचा खटका तो आपल्याला करून देतो. म्हणाला, फोटोवरून जमेल, उरलेलं मी दुकानातली शिडी बघून घेईन. दुसऱ्याची शिडी आपल्या आवारात येत नाही, म्हणजे नियमही मोडला नाही."

"नियमाचं असं भरीत करू नकोस, दादा," धाकटे उसळले. "आणि माझ्या खटक्यात काय वाईट आहे?"

"काही वाईट नाही. फक्त कुणी घेत नाही." थोरल्यांचा आवाज खाली आला. "ऐक. साच्याला आपली सगळी शिल्लक जाणार आहे. चूक झाली तर दारं बंद. पण नाही केला तरी दारं बंदच. सांग, मी काय करू?"

उभ्या आयुष्यात केलेली एक चांगली गोष्ट, ती आता कुणाला नको, हे धाकट्यांनी मान खाली घालून ऐकलं. एका हाताचा खटका त्यांनीही कधीकाळी करून पाहिला होता, पण तो सोडून दिला होता. का सोडला ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते हरलेल्या माणसाचं रडगाणंच वाटलं असतं.

"बाबा," घार म्हणाली, "साचेवाल्याला होकार देण्याआधी मला थोडे दिवस द्या. ही शिडी लोकांच्या घरात जाऊन काय करते ते मला बघू दे."

"लोक खूश आहेत! तक्रारी आहेत का कुठे?"

"नाहीत. एकही नाही. म्हणून तर बघायचंय. नव्या वस्तूबद्दल एकानंही कुरकुर करू नये, इतकी माणसं चांगली नसतात."

त्यानंतर ती डोळ्यांत तेल घालून बसली. दुपारचा चहा गार होऊन जायचा. आणि एका दुपारी धाकटे खुर्ची ओढून बसताच तिनं फोन त्यांच्या हातात दिला. एक जोडपं, नुकतीच पिवळी रंगवलेली खोली, दोघांच्या नाकाला रंग, खदाखदा हसताहेत. मागे पोपटी बुटांची शिडी.

"बरं मग? गोड आहेत."

"त्यांना सोडा. शिडी बघा. बिजागरीच्या खाली."

धाकट्यांनी चष्मा वर केला. शिडीच्या पुढच्या पायाला आणि मागच्या पायाला मिळून एक दोरी बांधलेली होती. कपडे वाळत घालायची निळी दोरी.

"आता हा." दुसरा फोटो एका दुकानाचा, नवी पाटी लावतानाचा. शिडीला पायजम्याची नाडी. तिसऱ्यात जुनी ओढणी, चौथ्यात वायरचा तुकडा, पाचव्यात चक्क गळ्यातला टाय. ती एकेक पुढे सरकवत गेली आणि धाकटे फोनवर आणखी आणखी वाकत गेले. वेगवेगळी घरं, वेगवेगळी माणसं, कुणाची कुणाशी ओळख असायचं कारण नाही. पण सगळ्यांनी त्याच जागी काहीतरी बांधलेलं.

"त्यांच्या जुन्या शिड्यांचे फोटो तपासले," ती म्हणाली. "दोरी नाही. आपल्या तपासल्या. नाही. फक्त एका हाताच्या शिडीला, आणि तीही जरा वापरात आलेल्या. काका, लोक तक्रार लिहीत बसत नाहीत. पाय थोडा सरकल्यासारखा वाटला की घरात जे सापडेल ते बांधतात आणि कामाला लागतात. त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकत असेल."

धाकटे तिच्याकडे बघतच राहिले. एवढी मोठी गोष्ट लोकांनी एका शब्दानं सांगितली नव्हती, आणि तरी या पोरीनं ती ऐकली होती. कारखान्यात सगळ्यात तिखट नजर आपली, असं त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. त्यांनी मनोमन हात टेकले, आणि त्यात त्यांना जराही वाईट वाटलं नाही.

"खटका धरत नाहीये," ते म्हणाले. "पण का? झाकणाच्या आत काय आहे ते दिसल्याशिवाय सांगता यायचं नाही."

"ते कालच मिळालं." तिनं शेवटचा फोटो काढला. कुणा हौशी माणसानं शिडीचं झाकण उघडून तेल घातलं होतं आणि आपल्या हुशारीचा फोटो अभिमानानं टाकला होता. खटका उघडा, स्वच्छ उजेडात.

धाकट्यांनी तो पाहिला. फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. मग उठले, आपल्या टेबलापाशी गेले, भिंतीवरच्या वरच्या ओळीतला एक तुकडा खिळ्यावरून काढून आणला आणि फोनशेजारी ठेवला. तीच तिरकी खाच, तीच आखूड पिन, स्प्रिंगला तसाच वळसा. अगदी कोपरा गोल करायची त्यांची सवयसुद्धा तशीच उतरली होती.

"हा माझा आहे," ते म्हणाले. "मी केला होता, एका हाताचा. नवा असतो तोवर झकास चालतो. मग अॅल्युमिनियमची खाच झिजते आणि पिन पुरती आत पडत नाही. पण खटकन आवाज मात्र येतो. तेच वाईट. आवाज आला की माणूस विश्वासानं वर चढतो. म्हणून टांगला होता भिंतीवर. पण हा तिकडे गेला कसा? या भिंतीपुढे बाहेरचं कुणी येत नाही."

घारीनं फोन उचलला. थोडा वेळ नुसतं बोट फिरत राहिलं. मग तिचा चेहराच पडला. "रोज येतात, काका," ती म्हणाली. "तुम्हीच आणता."

धाकट्यांचे सुप्रभातचे फोटो. हसरे धाकटे, इस्त्रीचा शर्ट, आणि उजव्या खांद्यामागे, खिडकीच्या उजेडात, तो खटका. कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. रोज उभं राहायची जागा चार बोटं इकडेतिकडे व्हायची, त्यामुळे खटक्याची एकही बाजू दिसायची राहिली नव्हती. त्यावरून कुणालाही आराखडा काढता आला असता.

"मी सगळ्या जगाकडे बघत बसले," घार म्हणाली, "आणि आपल्याकडे एकदाही बघितलं नाही." तिचे डोळे भरून आले. धाकट्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो आपण काढले होते आणि रडत ती होती, हे त्यांना मुळीच रुचलं नाही.

थोरल्यांना सगळं दाखवलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. आपण आपलीच फसलेली वस्तू, सगळी शिल्लक घालून, परत विकत घ्यायला निघालो होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलं तसे ते आधी हसले, मग घामाघूम झाले. साचेवाल्याला तिथल्या तिथे नकार गेला.

"वाचलो," थोरले म्हणाले. "घारे, तू वाचवलंस. आता आपण शांत बसायचं. पलीकडच्यांची शिडी आपली आपण लोळण घेईल, आणि लोक झक मारत लाल बुटांकडे येतील."

"शिडी लोळण घेईल तेव्हा तिच्यावर कुणीतरी असेल, बाबा," घार म्हणाली.

"मग त्यांनी बघावं! चोरी त्यांनी केलीय. आपण जाऊन सांगायचं म्हणजे..."

"दादा." धाकटे मध्येच बोलले. ते भावाला असं कधी तोडत नसत. "झाकण त्यांचं आहे, बूट त्यांचे आहेत. खटका माझा आहे. उद्या कुणी वरून पडलं, तर ते माझ्या खटक्यावरून पडेल. मला माहीत असून पडेल. मला झोप लागायची नाही रे."

थोरल्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं, मग मुलीकडे. दोघांची तोंडं सारखीच हट्टी दिसत होती. "जा," ते म्हणाले. "पण भांडू नकोस तिथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्यांनी फोटो काढला नाही. खटका रुमालात गुंडाळला, पुतणीला बरोबर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पुलापलीकडच्या कारखान्याचं फाटक ओलांडलं.

पलीकडची मालकीण त्यांच्याच वयाची होती. पांढरे केस, सरळ पाठ, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. पूर्वी कधीतरी एखाद्या प्रदर्शनात लांबून नजरानजर झाली असेल तेवढीच. धाकट्यांनी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून रुमाल उघडला आणि खटका तिच्यापुढे ठेवला. तो पाहून बाईंचा चेहरा क्षणभर आवळला. आता वकिलाचं नाव निघणार, असं त्यांना वाटलं असावं.

"बोला," त्या म्हणाल्या. "काय हवंय तुम्हाला?"

"काही नको. फक्त हे बघा." धाकट्यांनी घारीला खूण केली. ती एकेक फोटो दाखवत गेली. नाडी, ओढणी, वायर, टाय. बाईंनी पहिल्या तीन-चारांना भुवया उंचावल्या, मग त्या पुढे वाकल्या, मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. धाकट्यांनी खटका उचलून पिन कुठे अडते आणि आवाज का फसवतो ते समजावलं.

"आमच्याकडे तक्रार आली नाही हो," बाई शेवटी म्हणाल्या.

"येणार नाही," घार म्हणाली. "एकदम बातमी येईल."

बाईंनी तो तुकडा हातात घेतला. त्याच्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "तुमचे फोटो मी रोज बघते," त्या धाकट्यांना म्हणाल्या. "गुलाबाचं फूल. ती मी."

धाकट्यांचे कान लाल झाले. घारीनं ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर तिला हसू आवरलं नसतं.

"पलीकडे काय चाललंय ते कळावं म्हणून बघायचे," बाई म्हणाल्या. "ही वस्तू रोज तुमच्या मागे दिसायची. घासूनपुसून, चकचकीत. इतका चांगला कारागीर रोज ज्याच्यापुढे उभा राहतो, ती त्याची सगळ्यात अभिमानाची वस्तू असणार, असं वाटलं मला. म्हणून उचलली."

"ती माझी सगळ्यात वाईट वस्तू आहे," धाकटे म्हणाले. "आमच्या वडिलांचा नियम. चुका भिंतीवर टांगायच्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "चुका अशा पुसून ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता. नाहीतर ओळखलं असतं." मग त्या घारीकडे वळल्या. "आणि तू, मुली. मी बघून चोरी केली. तू बघून माणसं वाचवायला आलीस. आपण दोघी एकाच खिडकीशी बसलो होतो, नाही का?"

त्याच संध्याकाळी गुलाबाचं फूल गेलं आणि त्या जागी पांढऱ्या केसांचा चेहरा आला. त्याखाली स्वतःच्या नावानं बाईंनी सरळ लिहिलं, की एका हाताच्या शिडीचा खटका सदोष आहे, शिडीवर चढू नका, परत आणून द्या, दुरुस्त करून मिळेल. दोष आमचा आहे आणि तो आम्हाला लाल बुटांच्या कारखान्यानं दाखवून दिला. थोरल्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि नुसतंच "हं" म्हणाले. त्यांच्या त्या एका "हं"मध्ये बरंच काही असे.

दुरुस्ती धाकट्यांनीच सुचवली, आणि ती त्यांना फोटोंतून सुचली. सगळ्यांनी ज्या जागी दोरी बांधली होती, नेमक्या त्याच जागी दोन पायांमध्ये पोलादी पट्टीचा आडवा हात बसवला की खाच झिजली तरी शिडी मिटत नाही. लोकांनी उत्तर आधीच बांधून ठेवलं होतं. तसाच हात लावून धाकट्यांनी लाल बुटांची एका हाताची शिडीही केली. ती विकली जाऊ लागली, कारखान्याची दारं उघडी राहिली. पुलाच्या दोन्ही बाजूंची चढाओढ पूर्वीसारखीच चालू झाली, तेही बरंच झालं.

काही दिवसांनी पुलापलीकडून एक पाकीट आलं. आत वीतभर निळी दोरी आणि बाईंच्या हातची एक ओळ होती: परत आलेल्या शिड्यांपैकी पहिलीवरची, कुणी पडलं नाही.

धाकट्यांनी ती ओळ घारीला वाचून दाखवली. मग हातोडी आणि खिळा घेतला.

"भिंतीवर लावताय?" घार म्हणाली. "जागा आहे का तिथे?"

"ती भिंत चुकांची आहे." धाकटे आपल्या टेबलाकडे वळलेच नाहीत. रंगाच्या खोलीशेजारी, तिच्या टेबलासमोरच्या कोऱ्या भिंतीपाशी गेले, नीट मधोमध जागा बघितली आणि खिळा ठोकला. दोरी त्याला गाठ मारून टांगली. दोन पावलं मागे येऊन बघितलं, पुढे जाऊन ती सरळ केली.

मग ते पुतणीच्या शेजारी उभे राहिले आणि खिशातून फोन काढला. "ये," ते म्हणाले. "आज फोटो इथे काढू. आणि मागची भिंत पुरती दिसू दे."